खेळ विभागातली तक्रार

"माझ्या भाचीचं बोलणं तुमच्या नव्या आवृत्तीत गेलं आहे. ते परत कसं आणायचं, कृपया सांगावं."

तक्रार एवढीच होती. आमच्याकडे अशा तक्रारी येत नाहीत. लोक लिहितात की अमुक पॅकेज सुरू होत नाही, तमुक फाइल सापडत नाही, आणि खाली यंत्रानं ओकलेल्या चाळीस ओळी चिकटवतात. ही बाई दोन वाक्यं लिहून थांबली होती, त्याखाली फोन नंबर. लिहून एकोणीस दिवस झाले होते. तक्रारीच्या माथ्यावर दोन शिक्के होते. विभाग: खेळ. निकड: किरकोळ. हे शिक्के तिनं मारलेले नव्हते. तक्रार ज्या पॅकेजबद्दल असते त्याचा विभाग बघून ते आपोआप बसतात. आणि खेळ विभागातल्या तक्रारी आम्ही सगळ्यात शेवटी उघडतो.

पॅकेजचं नाव होतं 'चिवचिव'. ते खेळ विभागात मीच ठेवलं होतं.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला, म्हणून या गटात आलो. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक प्रणाली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली. ती घ्यायची, नीट लावायची आणि लोकांना वापरायला द्यायची, हे काम आमच्यासारखे गट करतात. आमचा गट सात जणांचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक फळा आणि जमिनीवर वायरींचं जाळं, एवढा आमचा पसारा. शनिवारी दुपारी जमायचं. आमच्या भाषेत 'भांडार' म्हणतात ते आमच्याकडे अकरा हजार पॅकेजांचं आहे. पॅकेज म्हणजे बांधून तयार ठेवलेला एकेक प्रोग्रॅम. ती पॅकेजं विभागांत लावणं हे माझं काम. इतरांना ते कंटाळवाणं वाटे. मला वर्गातलं कपाट लावल्यासारखं वाटे.

वर्गात मी मुलांना विचारायचो, कात्री चित्रकलेच्या कप्प्यात ठेवायची की शिवणाच्या? मुलं भांडायची. मग मी सांगायचो की कात्री एकच आहे, ती दोन कप्प्यांत राहणार नाही. कुठेही ठेवा, पण उद्या शोधायला कोण येणार आहे त्याचा विचार करून ठेवा. भांडारातही हाच नियम. एक पॅकेज, एकच विभाग.

सहा वर्षांपूर्वी चिवचिव आमच्याकडे आलं तेव्हा भांडण झालं होतं. प्रोग्रॅम साधाच. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात चित्र. चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द ऐकू येतो. आपली चित्रं घालता येतात, आपल्या आवाजात शब्द भरता येतात. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी ते बनवलं होतं.

आमच्यातला एक जण विमा कंपनीत नोकरी करतो. प्रत्येक शब्दाचा कीस पाडतो म्हणून त्याला सगळे कीस म्हणतात, आणि तोही त्या नावाला ओ देतो. तो म्हणाला, "हे 'सहाय्य' विभागात जाणार. कमी दिसणाऱ्यांचं भिंग तिथं आहे, वाचून दाखवणारा आवाज तिथं आहे. हे पण तिथंच."

"तो विभाग दवाखान्यासारखा दिसतो रे," मी म्हणालो. "कुठलं पोरगं आपणहून तिथं जाईल? खेळात ठेव. इतर मुलंही उघडतील, बोलणाऱ्या-न बोलणाऱ्यांची गट्टी जमेल. मूल जिथं हात घालतं तिथं शिकतं."

"म्हणजे औषधाच्या बाटलीवर सरबत लिहायचं? मुलं आवडीनं पितात म्हणून?"

"पितात ना? मग लिहू."

सगळे हसले. कीसही हसला, पण फळ्यावर त्यानं आपला मुद्दा लिहून ठेवला. मत घेतलं तेव्हा माझ्या बाजूनं पाच हात वर आले. मी वयानं मोठा होतो आणि मला बोलता येतं. दोन्ही गोष्टींचा कात्री कुठे ठेवावी याच्याशी संबंध नाही, पण बैठकीत चालून जातं.

पुढे मी ते विसरलो. वर्षाला हजारभर पॅकेजं हाताखालून जातात.

या वर्षी शाळांच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं. चारशे शाळांत आमची प्रणाली चालते. मुलं तासाला खेळत बसतात, खेळ काढून द्या, असं त्यांचं म्हणणं. आमच्या प्रमुख बाईंना मागे सगळे कुलूप म्हणतात, कारण भांडारात शेवटची किल्ली त्यांची, आणि ती त्या सहज फिरवत नाहीत. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, शाळांच्या आवृत्तीतून खेळ विभाग सरसकट काढला तर काही बिघडेल का? तुम्ही शाळेत आयुष्य घालवलंत. तुम्हीच यादी बघून सांगा."

यादीत दोनशे चौदा नावं होती. एका दुपारी चहा घेत मी ती वाचली. 'चिखलगाडी', मग 'चिवचिव', मग 'चेंडू-भिंत'. मी ते नाव वाचलं. नजर चुकली असती तर निदान तसं म्हणता आलं असतं. वर 'खेळ' लिहिलेलं होतं, म्हणून माझ्या मनानं तो खेळ धरला. लेबल मी लावलं आणि मीच त्याच्यावर भरवसा ठेवला.

खाली मी शेरा लिहिला. मुलांच्या खोड्या माझ्याइतक्या कुणाला माहीत? म्हणून जरा जास्तच लिहिला. खेळ नुसते काढू नयेत, मुळासकट काढावेत, जतन केलेल्या फायलीही ठेवू नयेत, नाहीतर मुलं तेच डाव परत आणतात. आणखी एक वाक्य लिहिलं. ते पुढे येईल.

तक्रार वाचली त्याच दुपारी मी फोन लावला. पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"कोण?"

"मी चिवचिवच्या तक्रारीबद्दल बोलतोय. आपण लिहिली होती."

"अगं बाई! म्हणजे तिथं माणसं असतात?"

"असतात."

"मला वाटलं, विहिरीत दगड टाकला. तळाशी गेल्याचा आवाजसुद्धा आला नाही. शाळेत विचारलं तर म्हणाले वरून आलंय. वर विचारलं तर म्हणाले खाली विचारा. थांबा हं, मी इस्पितळाच्या धोबीखान्यात आहे, जरा दाराशी येते."

घरघर कमी झाली. मी भाचीबद्दल विचारलं.

"नऊ वर्षांची आहे. माझ्या बहिणीची. बहीण कामापायी लांब असते, वर्षातून एकदा येते, म्हणून माझ्याकडे. खारू म्हणते मी तिला, खारीसारखी गाल फुगवून बसते म्हणून. ऐकू येतं, समजतं. समजायचं म्हणाल तर माझ्याहून जास्त. जीभ तेवढी ऐकत नाही तिची. शाळेनं बोट लावायचा तो छोटा कॉम्प्युटर दिला होता, तो तिच्याबरोबर घरी यायचा."

"किती शब्द होते त्यात?"

"चारशे सहा." तिला आठवावं लागलं नाही. "सगळे माझ्या आवाजात. चार वर्षं लागली. पहिला 'पाणी'. शेवटचा 'गप गं मावशी'. तो तिनंच मागून घेतला, खुणा करून करून. आणि मग दिवसभर तेवढंच दाबायची कार्टी."

ती हसली. मीही हसलो. मग मी विचारलं, "आता कशी आहे ती?"

"जबड्याचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली.

मागे कुठलंतरी यंत्र थांबल्याची घंटी वाजली. ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. नवी आवृत्ती आली, चित्रं गेली. दुसऱ्या आठवड्यात खारूची दाढ दुखायला लागली असणार. असणार, कारण ते कुणाला कळलंच नाही. चिवचिवमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यात 'दुखतंय' होतं. ते चित्र कधीही हलवायचं नाही, असं उपचाराच्या बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, म्हणजे अंधारातही बोट तिथंच जावं. पडद्यावर आता नुसतं डोंगराचं चित्र होतं. खारू डोंगराच्या पायथ्याशी बोट मारत राहिली. वर्गात आणि घरीही. जोरजोरात. पडदा फुटेल म्हणून वर्गाच्या बाईंनी संगणक कपाटात ठेवला. मग ती फ्रॉकची कॉलर चावायला लागली. जेवेना. सगळ्यांना वाटलं, खेळ काढला म्हणून हट्ट करते आहे.

"मी पण ओरडले तिच्यावर," मावशी म्हणाली. "एकदा हातावर मारलं. असे सात आठवडे गेले आणि ताप चढला. गाल हा एवढा. पू हाडात गेला होता, हाडाचा तुकडा काढावा लागला. ज्या इस्पितळाच्या चादरी मी धुते ना, तिथंच."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ते चारशे सहा परत येतील ना, साहेब?"

चौतीस वर्षांत मी मुलांना एक गोष्ट सतत सांगितली. उत्तर येत असेल तर लगेच द्या, येत नसेल तर येत नाही म्हणा. उत्तर मला येत होतं. मुळासकट काढलेल्या फायली परत येत नसतात.

"मी येतो," मी म्हणालो. "गुरुवारी."

मी खोलीत सगळ्यांना सांगितल्यावर कुलूपबाईंनी पॅकेजचा विभाग बदलला. दोन मिनिटांचं काम. 'खेळ' खोडून 'सहाय्य' लिहिलं, शाळांच्या आवृत्तीत पुन्हा घातलं, किल्ली फिरवली. चारशे शाळांत आणखी किती ठिकाणी चिवचिव होतं, याची चौकशी त्यांनी त्याच दिवशी सुरू केली. मी कीसच्या तोंडाकडे बघत होतो. तो सरबताचं काढेल असं वाटत होतं. त्यानं काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"गुरुजी, मी येतो तुमच्याबरोबर," एवढंच म्हणाला. "डिस्क खरवडून बघतो. काही उरलं असेल तर."

बसनं साडेचार तास लागले. शाळा तिसऱ्या मजल्यावर, खालच्या दोन मजल्यांवर कार्यालयं. वर्गाच्या बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी कपाट उघडून संगणक काढून दिला. त्याच्यावर धूळ बसली होती आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात काच तेवढीच घासलेली दिसत होती. कीस तो घेऊन बाहेर व्हरांड्यात बसला.

"मी नवीन आहे इथं," बाई म्हणाल्या. "माझ्या आधीच्या बाईंना सगळं माहीत होतं, त्यांची बदली झाली. मला वाटलं, खेळच आहे. हे बघा ना, लेखी आलं होतं."

भिंतीवर टाचणीनं लावलेलं परिपत्रक त्यांनी काढून माझ्या हातात दिलं. वर कार्यालयाचं नाव, खाली सही. मधे एक वाक्य होतं: 'काही दिवस मुले खेळ शोधतील, हट्ट करतील. त्याकडे लक्ष देऊ नये. मुले विसरतात.'

माझंच वाक्य. मी यादीखाली लिहिलेलं, एका अक्षराचाही फरक न करता. अनुभवी माणसाचं म्हणून कुणीतरी ते जसंच्या तसं उचललं होतं.

मी कागद परत दिला. बाईंनी तो पुन्हा टाचला नाही, टेबलावर उलटा ठेवला.

थोड्या वेळानं मावशी खारूला घेऊन आली. मावशीचे हात पाण्यात भिजून भिजून पांढरे पडलेले. खारूच्या हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधलेली, एक गाल आत गेलेला. ती बाकावर बसली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी नाव विचारलं, हसलो, खिशातून रंगीत खडू काढले. मुलांशी जमवून घ्यायला मला कधी पाच मिनिटांवर लागली नाहीत. खारू माझ्याकडे बघत होती, पण भिंतीकडे बघावं तशी.

कीस आत आला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

"अकरा आवाज सापडले," तो हळू म्हणाला. "बाकी सगळ्यावर नवी आवृत्ती लिहिली गेलीय. अकरातले पाच अर्धेच आहेत."

त्यानं ते लावून दाखवले. 'मोजे.' 'लिफ्ट.' 'निळा.' 'उद्या नाही, परवा.' मग एक मधेच तुटलेला, 'गप गं...' आणि खरखर.

मावशीनं मान वळवली. "आणि बाकीचे?"

आता उत्तर द्यायलाच हवं होतं. मी खारूच्या समोर बसलो, कारण गेलेलं बोलणं तिचं होतं, आणि दोघींना ऐकू जाईल असं सांगितलं. चिवचिव खेळांत कुणी ठेवलं, कशासाठी ठेवलं. खेळ काढायला हरकत नाही असं कुणी लिहिलं. मुळासकट काढा असं कुणी लिहिलं. आणि भिंतीवरच्या कागदातलं ते वाक्य कुणाचं. चौथीच्या मुलाला समजेल असं बोलायची माझी सवय आहे. त्या दिवशी तरी त्या सवयीचा उपयोग झाला.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच?" तिनं विचारलं. "दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा मीच."

"मास्तर आहात ना तुम्ही?"

"होतो."

ती उठली. मला वाटलं, भाचीला घेऊन निघून जाईल. तिनं पदरानं बाकावरची धूळ पुसली आणि संगणक खारूसमोर ठेवला.

"चित्रं काढता येतात?"

"येतात."

"मग बसा. चारशे सहा आहेत."

आम्ही बसलो. मी चित्र काढायचो, कीस ते संगणकात घ्यायचा, मावशी शब्द बोलायची. 'पाणी.' 'भूक.' 'गार वाटतंय.' 'दिवा लाव.' प्रत्येक शब्द भरून झाला की ती स्वतःच त्यावर बोट ठेवायची आणि खारूकडे बघायची. आवाज यायचा, खारू ऐकायची. हात मांड्यांखालीच. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस झाले. 'दुखतंय' मी मुद्दाम सगळ्यात आधी काढलं होतं आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं होतं.

निघताना मावशी तिच्यापुढे वाकली. "खारू, आत्ता दुखतंय का गं? सांग ना. आता आलंय बघ ते. इथंच आहे."

खारूनं कोपऱ्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात मांडीखालून निघाला, बोट पुढे झालं. आम्ही चौघं बघत होतो. बोट काचेपासून वीतभर अंतरावर थांबलं. मग तिनं ते बोट परत नेलं, तोंडाला लावलं आणि कॉलर चावायला लागली.

"आज दमली असेल," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"हो," मावशी म्हणाली. "दमली असेल."

परतीच्या बसमध्ये कीस खिडकीकडे तोंड करून बसला होता. मधेच म्हणाला, "ती यादी मीही बघायला पाहिजे होती. त्या विभागाचा वाद मला आठवत होता."

"तुला कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच नाही बघितली," तो म्हणाला.

आता आमच्याकडे नवा नियम आहे. ज्यानं पॅकेज विभागात ठेवलं त्यानं ते काढायचा शेरा द्यायचा नाही, दुसऱ्यानं द्यायचा, आणि तोही पॅकेज उघडून बघून. बैल गेला आणि झोपा केला. विभाग लावायचं काम मी सोडलं. ते कीस करतो. चारशे शाळांच्या चौकशीत चिवचिव वापरणारी आणखी सहा मुलं निघाली. त्यांच्याकडेही आमची माणसं जातात.

मी दर गुरुवारी सातच्या बसनं जातो. आजवर चौदा गुरुवार झाले. तीनशे अठ्ठ्याऐंशी शब्द भरले. 'गप गं मावशी' मावशीला पाच वेळा बोलावा लागला, दर वेळी ती मधेच थांबायची. पट्टी निघाली आहे, गाल तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, हात, डोळे, कान, सगळं ठीक आहे. खारू शाळेत येते, बाकावर बसते, सांगितलेलं करते. मी चित्र काढतो ते ती बघते. मागच्या खेपेला मी खारीचं शेपूट आखूड काढलं तर तिनं खडू घेऊन ते लांब केलं. पण पडद्याला तिनं बोट लावलेलं नाही. एकदाही नाही. सात आठवडे तिनं हाक मारली होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं होतं की उपयोग नसतो. शिकलेलं ती विसरलेली नाही. मुलं विसरत नाहीत.

आमच्याकडे तक्रार सुटली की ती मिटवायची असते. कुलूपबाई दर शनिवारी यादी वाचतात. या शनिवारीही वाचली.

"चिवचिव," त्या म्हणाल्या. "पॅकेज परत दिलं, विभाग बदलला. तांत्रिकदृष्ट्या काम झालंय, गुरुजी. मिटवू का?"

मी तक्रार पुन्हा वाचली. माझ्या भाचीचं बोलणं गेलं आहे, ते परत कसं आणायचं.

"नको," मी म्हणालो.

त्यांनी पुढचं नाव वाचलं.